ड्रॉप्स घातले आणि कान जास्तच बंद झाला, आता काय करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय चाळीस. उजव्या कानाला दोन-तीन आठवड्यांपासून दडे बसल्यासारखं होतंय. कामामुळे दिवसभर इअरफोन असतात. कॉलेजपासून रोज आंघोळीनंतर बडने कान साफ करते, तरी मळ साठला कसा तेच कळत नाही. फार्मसीतून मळ काढायचे ड्रॉप्स आणले, लेबलवर ५ ते १० थेंब, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त ४ दिवस असं आहे. दुसऱ्या दिवशी कान मोकळा व्हायच्या ऐवजी पूर्णच बंद झाला. डोस कमी पडतोय असं वाटून मी दिवसातून चारदा घालायला लागले. आज चौथा दिवस, आत चुरचुरतंय आणि बाहेर काहीच आलेलं नाही. जाऊबाई म्हणतात महिनाभर घालत राहा, वितळेल आपोआप. मिस्टर म्हणतात डॉक्टरकडून कान धुऊन घे, पण मला त्याची भीती वाटते कारण लहानपणी हाच कान फुटला होता आणि बरेच दिवस वाहत होता. नंतर कधी त्रास झाला नाही. सासऱ्यांना हिअरिंग एड आहे, त्यांनाही हल्ली कमी ऐकू येतं, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या कानात मळ दिसतो. एकाच बाटलीत तिघांचं भागेल का? आणि माझे ड्रॉप्स चालू ठेवू की बंद करू?

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. ड्रॉप्स बंद करा, आजच, संध्याकाळचा डोससुद्धा नको, आणि ईएनटीची वेळ घ्या. याचं सगळ्यात मोठं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, पण कुठे, तर कान धुवायची भीती का वाटते ते सांगताना, जाता जाता. हाच कान लहानपणी फुटला होता.

कान फुटतो तेव्हा काय होतं, तर पडद्याच्या मागच्या पोकळीत इन्फेक्शन होऊन पू साठतो, दाब वाढतो, पडदा फाटतो आणि कान वाहायला लागतो. बहुतेकांचा पडदा नंतर काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. पण सगळ्यांचा येत नाही. काहींच्या पडद्याला बारीकसं भोक राहून जातं, ते दुखत नाही, कान वाहीलच असंही नाही, रोजच्या बोलण्यात थोडं कमी ऐकू येतंय हे लक्षातही येत नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं मजेत असतो. तुमचा पडदा भरला असेलही, शक्यता तीच जास्त. पण मळाच्या ड्रॉप्सवर सहसा सूचना असते की पडद्याला भोक असेल किंवा तशी शंका असेल तर वापरू नका, आणि तुमच्या बाबतीत शंका घ्यायला जागा आहे. हे औषध पडद्याच्या अलीकडच्या नळीसाठी बनवलेलं असतं. भोकातून ते मधल्या कानात उतरलं तर जळजळ, ठणका, इन्फेक्शन, चक्कर यातलं काहीही होऊ शकतं, आणि काही औषधांमधले घटक अजून आत पोचले तर ऐकण्यालाच धक्का लागू शकतो.

एक आठवून बघा. थेंब घातल्यावर थोड्या वेळाने घशात औषधाची चव आली होती का? मधल्या कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते, त्यामुळे पडदा धड असेल तर कानात घातलेलं औषध घशात पोचायला वाटच नाही. चव आली असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. आली नसेल तर मात्र पडदा ठीक आहे असं धरून चालू नका, कदाचित मळाचा गोळा इतका घट्ट बसलाय की थेंब त्याच्या पलीकडे गेलेच नसतील.

चुरचुरण्याबद्दल घाबरवत नाही. लेबलपेक्षा दुप्पट वेळा औषध घातलं की कानाच्या नळीची कातडी चिडते, आतल्या भागात ती फार पातळ असते, हाडावर जेमतेम ताणलेली. थांबल्यावर दोन-एक दिवसांत बरं वाटायला हवं. पण कान ठणकायला लागला, पू किंवा रक्त आलं, ताप आला, गरगरायला लागलं, तर मिळालेल्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता डोस कमी पडतोय या समजाकडे येऊ, कारण असं पुष्कळांना वाटतं. ड्रॉप्स मळ बाहेर काढत नाहीत, ते फक्त तो मऊ करतात, सैल करतात. आणि मऊ होताना तो आधी फुगतो. सुकलेला साबणाचा तुकडा ओला झाला की आधी फुगून बुळबुळीत होतो आणि मग कुठे सुटायला लागतो, तसंच. म्हणजे आधी गोळ्याच्या कडेने जी बारीक फट होती, जिच्यातून तुम्हाला निम्मं-अर्धं ऐकू येत होतं, ती फुगलेल्या मळाने बुजली आणि कान पूर्ण बंद. पहिल्या एक-दोन दिवसांत हे होणं अपेक्षितच असतं, औषध काम करतंय त्याचीच ती खूण असते बहुतेक वेळा, आणि नेमकं तिथेच लोक घाबरून डोस वाढवतात नाहीतर बड घालतात. डोस वाढवून तसाही काही उपयोग नाही. साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, आणि मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब, त्यात मळ अडकलेला. ५ ते १० थेंबात ती भरतेच, वरचं सगळं मानेवर ओघळतं. काम थेंबांच्या संख्येने होत नाही, औषध मळाला किती वेळ लागून राहिलं त्याने होतं.

आणि महिनाभर घालत राहायचा सल्ला, जाऊबाईंचा मान ठेवून सांगते, मानू नका. कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे मळ मऊ करणारं एक औषध, त्याच्या बाटलीवर जी ४ दिवसांची मर्यादा असते ती उगाच नसते. जास्त दिवस घातलं तर कातडी ओलसर आणि सोललेली राहते आणि तिथे इन्फेक्शन धरतं. त्यातून ४ दिवसांत काहीच फरक नाही याचा अर्थ एकतर गोळा हाताने काढावा लागणार आहे किंवा तो मळ नाहीच.

हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या पूर्ण पत्रात कानात मळच आहे हे कोणी बघून सांगितल्याचा उल्लेख नाही. तुम्ही धरून चालला आहात. दडे बसण्याची कारणं बरीच असतात, सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठतं, नळीला सूज येते, बुरशी धरते, बडचा कापूस आत राहिलेला असतो. यातल्या कशालाही मळाचे ड्रॉप्स लागू पडत नाहीत, आणि काहींमध्ये तर त्रास वाढतो.

इतर वाचकांनी हे मात्र नीट वाचा. या पत्रातल्यासारखं दोन-तीन आठवड्यांत हळूहळू न होता एखाद्याचा कान सकाळी उठल्यावर अचानक गेला, किंवा दोन-तीन दिवसांत झपाट्याने गेला, दुखत काही नाही, सोबत कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज किंवा चक्कर, तर ते मळ नसून आतल्या कानाचं काम असू शकतं आणि त्यात दिवस मोजावे लागतात. त्यावरच्या उपचारांचा फायदा सुरुवातीच्या दिवसांत जास्त होतो. अशा वेळी ४ दिवस ड्रॉप्स घालून बघू म्हणणं महागात पडतं. घरी एक चाचणी करून बघता येते, तोंड मिटून एका सुरात हं असा आवाज काढायचा. बंद कानात तो आवाज मोठा वाटला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त, मळ त्यातच आला. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर लगेच ईएनटीकडे जा. ही चाचणी पक्की नाही, हिच्यावरून निदान करायचं नसतं, पण किती घाई करायची ते ठरवायला बरी पडते.

रोज साफ करूनही मळ साठला कसा हा प्रश्न तुम्ही विचारलाय, तर माझ्या मते रोज साफ केल्यामुळेच साठला. मळ हा शरीर मुद्दाम बनवतं, ग्रंथींचा तेलकट स्राव, गळालेली कातडी, बारीक केस, धूळ असं सगळं त्यात असतं, तो थोडा आम्लधर्मी असतो त्यामुळे जंतूंना आवडत नाही, पाणीही आत मुरू देत नाही. आणि तो बनतो फक्त नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात. आतल्या दोन तृतीयांश भागात त्या ग्रंथीच नाहीत. नळीची कातडी स्वतःच पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते, चावताना बोलताना जबडा हलतो त्याचीही मदत होते, आणि मळ हळूहळू कडेला येऊन पडतो. म्हणजे पडद्याजवळ घट्ट गोळा सापडला तर तो तिथे तयार झालेला नसतो, कोणीतरी ढकललेला असतो, आणि बहुतेक वेळा तो कोणीतरी म्हणजे बड. बडच्या टोकाला जो पिवळा डाग दिसतो त्याने समाधान होतं खरं, पण त्याच्यापेक्षा जास्त आत दाबलेला असतो. शिवाय इजा वेगळीच, अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात कापसाच्या बडमुळे कानाला लागून इमर्जन्सीत आणलेली मुलंच अडीच लाखांच्या वर होती असा अंदाज आहे. इअरफोनमुळेही मळाची बाहेर यायची वाट दिवसभर बंद राहते, ते सोडता येत नसतील तर मधूनमधून काढा, आणि जमत असेल तर कानावर बसणारा हेडफोन घ्या.

ज्यांचा कान कधी फुटलेला नाही, ऑपरेशन झालेलं नाही, पडद्यात नळी टाकलेली नाही, दुखत-वाहत नाही, चक्कर नाही, आणि कोणीतरी बघून मळच आहे म्हणून सांगितलंय, त्यांनी ड्रॉप्स जरूर वापरावेत, स्वस्थपणे. कोणते, यावर फार डोकं लावू नका. पेरॉक्साइडवाले फसफसतात, सोडियम बायकार्बोनेटवाले पाण्याचे असतात, डॉक्युसेटवाले असतात, ऑलिव्ह किंवा बदाम तेलाचे असतात. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेने १० अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असं काही ठरवता आलं नाही, साधं पाणी किंवा सलाइनसुद्धा फार मागे नव्हतं. आणि त्यातल्याच एका अभ्यासात ५ दिवस ड्रॉप्स घातल्यावर पूर्ण मोकळे झालेले कान होते २२ टक्के, काहीच न घातलेल्यांत ५ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण दर पाचांत चौघांचा कान नुसत्या ड्रॉप्सने पूर्ण मोकळा झाला नाही. तुमचाही झाला नाही म्हणून तुम्ही काही चुकलात असं नाही. बदामाची अॅलर्जी असलेल्यांनी बदाम तेल टाळावं, आणि तेल कुठलंही असो, गरम करून घालू नये, गरम तेलाने पडदा पोळू शकतो.

घालायची पद्धत सांगते, कारण इथेच निम्मं औषध वाया जातं. हात धुवा, एक्सपायरी बघा, बाटली उघडून किती दिवस झाले तेही बघा, पुष्कळ ड्रॉप्स उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायचे असतात, लेबलवर लिहिलेलं असतं. बाटली मुठीत धरून पाच मिनिटं बसा. हे टाळू नका, गार थेंब आत गेले की तिथल्या बॅलन्सच्या यंत्रणेला तापमानातला फरक लागतो आणि खोली गरगर फिरते, लोकांना वाटतं औषधाची रिअॅक्शन आली. मग बंद कान वर येईल असं कुशीवर झोपा. कानाची पाळी वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते. बाटलीचं टोक कानाला टेकवू नका, आत तर नकोच, थोडं वर धरून थेंब नळीच्या कडेवर पडू द्या, अगदी मधोमध टपकवले तर खाली हवा अडकून औषध तोंडाशीच तरंगत राहतं. कडेने सोडलेला थेंब घरंगळत खाली जाताना कळतो, थोडी गुदगुली होते, पेरॉक्साइडचा असेल तर क्षणभराने आत बारीक चरचर, फसफस ऐकू येते, तो ऑक्सिजनचे बुडबुडे सुटण्याचा आवाज आहे, त्याने दचकू नका. कानाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो, गालाच्या बाजूचा, तो बोटाने चार-पाच वेळा हलकेच दाबा, औषध आत ढकललं जातं. आणि मग पडून राहा, पाच ते दहा मिनिटं, लेबलवर सांगितलं असेल तितकं. उठताना खाली टिश्यू धरा, बाहेर आलेलं पुसा, कापसाचा बोळा आत कोंबू नका, तो औषधच शोषून घेतो.

एका वेळी एकच कान करा. दोन्ही एकदम फुगले तर दिवसभर बहिरं व्हायची वेळ येते, फोन नाही, हॉर्न नाही. गाडी चालवायची असेल त्याच्या आधी तर नकोच. आणि कान हलका झाला नाही म्हणून पिन, चावी, कानकोरणं काही घालायचं नाही, मऊ झालेला मळ पुढचे काही दिवस आपला आपण सुटत असतो, कधी आंघोळीनंतर, कधी उशीवर तपकिरी डाग दिसतो.

धुण्याची भीती. तुमच्या बाबतीत ती योग्य आहे, फक्त तिच्यामुळे डॉक्टरच टाळू नका. पडद्याला भोक असण्याची शंका असेल तर पाणी मारून कान धुवत नाहीत, तसं आधी सांगितलंत तर डॉक्टर तो मार्ग घेणारच नाहीत. ईएनटीकडे दुसरे उपाय असतात, मायक्रोस्कोपमधून बघत बारीक नळीने ओढून घ्यायचं सक्शन, किंवा बारीक हत्याराने अलगद काढणं, दोन्हीत पाणी लागत नाही. सक्शनचा आवाज मोठा असतो, कानाशीच चालू असल्यामुळे तो दचकवतो आणि थोडी चक्कर येऊ शकते, पण एरवी काम थोडक्यात होतं. घरी रबरी फुग्याने पाणी मारायचा प्रयोग तर तुम्ही अजिबात करू नका, मिस्टरांनी कितीही उत्साह दाखवला तरी.

सासऱ्यांचं वेगळं आहे. वय वाढतं तसा मळ कोरडा होतो, कानात केस जाड होतात, आणि हिअरिंग एड दिवसभर वाट अडवून बसलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या कानात मळ असण्याची शक्यता चांगलीच आहे. पण मशीनच्या तोंडाची जाळी मळाने बुजली तरी कमी ऐकू येतं, आधी ती बघा. त्यांना डायबिटीस असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर घरी काहीच न करता थेट दाखवा. ड्रॉप्स सांगितलेच तर घालायच्या आधी मशीन काढायचं आणि कान पूर्ण सुकल्यावरच परत घालायचं, औषध आत गेलं तर मशीन खराब होतं.

मुलाला ऐकू नीट येतंय, कान दुखत नाही, फक्त मळ दिसतोय, तर काहीच करू नका. दिसतोय म्हणजे तो बाहेर येतोय. १२ वर्षांखालच्या मुलांना पेरॉक्साइडचे ड्रॉप्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालायचे नसतात. शाळेतून ऐकत नाही अशी तक्रार आली तर तपासून घ्या, मुलांमध्ये पडद्यामागचं पाणीही तेवढंच कॉमन आहे.

तिघांत एक बाटली नको. तुम्ही चार दिवस वापरलेल्या बाटलीचं टोक कानाला लागलंच नसेल याची खात्री कोण देणार, एकाचं इन्फेक्शन दुसऱ्याला जायला तेवढं पुरतं. मागच्या वेळेचे उरलेले इन्फेक्शनचे ड्रॉप्स ड्रॉवरमधून काढून मळासाठी घालणारेही असतात, त्यातलं अँटिबायोटिक मळाला काही करत नाही. आणि कानाचे ड्रॉप्स डोळ्यांच्या ड्रॉप्सशेजारी ठेवू नका, बाटल्या दिसायला सारख्याच असतात.

डॉक्टरकडे जाईपर्यंत उजवा कान कोरडा ठेवा, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस नुसता कानाच्या तोंडाशी धरायचा, आत नाही. जाताना ड्रॉप्सची बाटली बरोबर न्या, दिवसातून किती वेळा घातले ते लपवू नका, कान फुटल्याचं आत गेल्या गेल्या सांगा. आणि डावा कानही बघून घ्या म्हणावं, बड तर तुम्ही दोन्हीकडे घालत होतात.